गाडी थांबवायला लाजायचं नाही

डॉ. मधुकरराव, म्हणजे आम्हा सगळ्यांचे नाना, यांना पंचाहत्तर वर्षं पूर्ण झाली. त्यांच्या गौरवग्रंथात थोरामोठ्यांसोबत एका एसटी कंडक्टरनेही लिहावं, हा त्यांचाच हट्ट. नानांचा शब्द मोडायची माझी काय टाप!

त्यांची पहिली भेट झाली तेव्हा मी धुळे-पिंपळनेर गाडीवर होतो आणि नोकरी सोडायच्या बेतात होतो. शौचातून रक्त पडे, पोटात कळ आली की दम धरवत नसे. घरचे म्हणत उष्णता, शेजारी म्हणत मूळव्याध. गुलकंद झाला, सब्जा झाला, फरक शून्य. भरलेल्या गाडीत कळ दाबून तिकिटं फाडणं काय असतं, ते ज्याचं त्यालाच ठाऊक.

धुळ्याच्या दवाखान्यात नानांनी आधी सोबत आलेल्या माझ्या भावाला बाहेर बसवलं आणि विचारलं, "गाडीवर कळ आली म्हणजे काय करतोस?" असं मला कुणी विचारलंच नव्हतं. मला रडू कोसळलं. दुर्बिणीने तपासणी झाल्यावर त्यांनी माझ्या बोलीत समजावलं, "तुले मूळव्याध नही शे, भाऊ. मोठा आतडाले आतून सूज उनी शे. ती दबस, पन जास नही." म्हणजे सूज औषधाने दबते, पण कायमची जात नाही.

गोळ्यांनी आराम पडला. आमच्याकडे बरं वाटलं की औषध बंद. रोज गोळी खाणारा तो आजारी, अशी समजूत. आईने गोळ्या फडताळात ठेवून दिल्या. हिवाळ्यात शेतात भरिताची पार्टी झाली आणि थोड्याच दिवसांत रक्त पुन्हा सुरू. सगळ्यांनी खापर फोडलं भरितावर, म्हणजे ते करणाऱ्या माझ्या बायकोवर. पुन्हा दवाखाना गाठला, तेव्हा नाना सोबत आलेल्या आईला म्हणाले, "अक्का, वांगाले कसाले बोल लावतस? गोळ्या कोठे शेतस?" आईला फडताळातल्या गोळ्यांचं सांगावं लागलं. सूज वाढलेली असताना तिखट टाळून मऊ भात-खिचडी खायची, असं नानांनी सांगितलं. पण हा आजार भरिताने येत नाही आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी सोडायची नाही, हे तेव्हा घरात सगळ्यांना पटलं.

तरी गाडीवरची माझी भीती जाईना. एका सकाळी नाना, काही न कळवता, माझ्याच गाडीत पुढच्या बाकावर येऊन बसले. पिंपळनेरपर्यंत मी पाण्याचा घोटही घेतला नाही, हे त्यांनी पाहिलं. उतरल्यावर असे रागावले! "उपाशीतापाशी राहून नोकरी करणार? अशाने उभा तरी राहशील का?" मग ड्रायव्हर बापूंकडे बोट करून मला विचारलं, "यांना सांगू?" मी मानेनेच हो म्हटलं. ऐकून बापू म्हणाले, "हात्तिच्या! एवढंच ना? ढाब्यापाशी, पंपापाशी, म्हणशील तिथे उभी करतो. एक घंटी मार, बस."

माझी नोकरी वाचली ती त्या दिवशी. आजही त्याच गाडीवर आहे, गोळ्या खिशात आहेत.

गेल्या महिन्यात नाना माझ्याच गाडीने पिंपळनेरला पेशंट तपासायला निघाले होते. साक्रीच्या अलीकडे त्यांनी मला खुणेने बोलावलं आणि हळूच म्हणाले, "भाऊ, जरा थांबवशील का? वय झालं आता." मी काही विचारलं नाही. एक घंटी मारली.

नाना, शंभरी गाठा, ठणठणीत तब्येतीने गाठा. आणि वाटेत कुठेही थांबावंसं वाटलं तर लाजू नका. घंटीची दोरी माझ्या हातात आहे.