काही राह्यलं का?

माझ्या ताईचं लक्ष कुठेच टिकत नाही. चाळिशी उलटली तरी नाही. चहाचं आधण ठेवून ती साखर मागायला शेजारी जाते आणि तिथल्या बाळाला झोके देत बसते. एकाच आईच्या आम्ही दोघी. शेजारी डीजे वाजत असला तरी मी पुस्तकातून मान वर काढत नाही. ताईला पाल चुकचुकली तरी पुरते. याचा मला फार राग यायचा. अजूनही येतो, खोटं कशाला बोलू.

नेरला तिचं लग्न लावून दिलं होतं. तिथे दूध सारखं उतू गेलं, एकदा गॅस चालू राहिला, आणि 'हिचं घरात लक्षच नाही' म्हणत सासरच्यांनी तिला दिग्रसजवळच्या आमच्या गावी आणून सोडलं. पुन्हा न्यायला कोणी आलं नाही.

तेव्हापासून आई तिला कापूस वेचायला सोबत नेऊ लागली. वेचणीत प्रत्येक बाईची आपापली पात असते, म्हणजे कपाशीची एकेक ओळ. दुसरीच्या पातीला कोणी हात लावत नाही. ताई पातीच्या टोकाला पोचली की मागे न बघताच ओरडायची, "माय, काही राह्यलं का?"

शेजारच्या पातीतून आई म्हणायची, "नाही वं बाई, साफ हाय."

ताईची मान ताठ व्हायची. सासरहून आल्यापासून ती तेवढ्यापुरतीच ताठ व्हायची. "मले दुसरं काही जमत नाही, पण वेचणी जमते," असं ती भेटेल त्याला सांगायची.

यंदा दसऱ्याआधी आई गेली. वेचणी सुरू झाली आणि बायकांची टोळी नेणाऱ्या काकूंचा मला यवतमाळला फोन आला.

"तुह्या बहिणीच्या पातीत अर्धा कापूस झाडावरच राह्यते. वावरवाला रोज बोंबलते. असंच चाललं तर मी तिले नेऊ शकत नाही. पण तिले सांगाची हिंमत होत नाही माही."

मला कळेना. आई होती तेव्हा तर कधी तक्रार नव्हती.

निघण्याआधी मी ओळखीच्या एका डॉक्टरीणबाईंना ताईबद्दल विचारलं. त्या म्हणाल्या, हा आळस नव्हे. काहींचं मन लहानपणापासूनच असं असतं, कुणाचं कमी, कुणाचं जास्त, आणि मोठेपणीही ते सुटत नाही. हे ताईला सांगायचं मनाशी घोकत मी गावी गेले आणि आईच्या जागी, ताईच्या शेजारच्या पातीत उभी राहिले.

ताई झपाझप वेचत होती. मध्येच होल्याचं घरटं दिसलं, तशी ती वाकून बघत बसली. उठली ती बरीच झाडं सोडून पुढे गेली, आणि तिच्या ते गावीही नव्हतं. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आई सगळ्या बायकांच्या मागून, सर्वांत शेवटी धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, का यायची, ते मला इतकी वर्षं कळलं नव्हतं. मला रडू आलं. मी हात लांबवून ताईची राहिलेली बोंडं वेचू लागले.

टोकाला पोचल्यावर ताई सवयीने ओरडली, "माय, काही राह्यलं का?"

मग तिचं तिलाच आठवलं असावं. ती वळली.

"नाही वं ताई, साफ हाय," मी म्हणाले. पण माझा हात तिच्याच पातीत होता आणि मुठीत कापूस होता.

तिने माझ्या मुठीकडे पाहिलं. मग मागे, सबंध पातीवरून नजर नेली. इतका वेळ एका जागी तिची नजर थांबलेली मी कधी पाहिली नव्हती. मी घाईघाईने डॉक्टरीणबाईंचं बोलणं सांगू लागले, पण ती ऐकत नव्हती.

"माय बी असंच करे का?"

मी पुढे होऊन मुठीतला कापूस तिच्या ओटीत टाकला.

"मले वाटे, एवढं तरी मले जमते," ती म्हणाली आणि कमरेला बांधलेली कापसाची ओटी सोडू लागली.