गाढवाच्या गोष्टीचं शेवटचं पान

माझ्या वहिनीला एका जागी बसवणं कुणाच्या बापाला जमलेलं नाही. वाचनालयाची फाटकी पुस्तकं ती घरी आणून शिवते, पण सुईत दोरा ओवता ओवता उठून पाणी प्यायला जाते आणि परत येईपर्यंत सुई हरवलेली असते. केक ओव्हनमध्ये ठेवला की दर पाच मिनिटांनी दार उघडून बघते. त्यामुळे तिच्या घरी मधोमध न बसलेला केक मी अजून खाल्लेला नाही.

अशा बाईने दोन्ही मुलींना शाळेत न घालता घरीच शिकवायचं ठरवलं, तेव्हा मी कपाळाला हात लावला. पण थोरली पाव, अर्धा, पाऊण शिकली ती मैद्याच्या कपांवर. घड्याळ शिकली ओव्हनसमोर बसून. आणि वाचायला शिकली ती वाचनालयाने मोडीत काढलेल्या गोष्टींच्या पुस्तकांतून. त्यांतली पानं गहाळ असायची. वहिनी तिथे कोरा कागद चिकटवायची आणि तेवढी गोष्ट थोरली धाकटीला मनाने रचून सांगायची. बेकरीत पीठ पोचवणाऱ्या म्हाताऱ्या गाढवाची गोष्ट धाकटीची सर्वांत लाडकी. तिचं शेवटचं पान नव्हतं.

परवा शिक्षण कार्यालयातून तपासनीस बाई यायच्या होत्या. थोरली आठ वर्षांची. तिला नीट वाचता येतं असं बाईंनी लिहिलं, तर घरची शाळा चालू राहणार. नाहीतर सोमवारपासून दोघी शाळेत. वहिनीने दोन दिवस घर डोक्यावर घेतलं होतं. मी मदतीला म्हणून गेले आणि नुसती तिच्या पायात घोटाळत राहिले.

बाई आल्या, बसल्या आणि पिशवीतून एक कोरं करकरीत पुस्तक काढलं.

"फॉर्मवर आवडतं पुस्तक लिहिलं होतंत ना? तेच आणलंय."

गाढवाचंच होतं. थोरली घडाघडा वाचायला लागली, धाकटी तिला टेकून ऐकत होती. तेवढ्या वेळात वहिनी चार वेळा ओव्हन उघडून केक बघून आली. थोरलीने शेवटचं पान उलटलं आणि ती गप्प झाली.

"वाच ना," बाई म्हणाल्या.

थोरलीने नुसती मान हलवली. मला वाटलं, संपलं! पोरीने सगळं पुस्तक ऐकून ऐकून पाठ केलं होतं आणि हे पान तिने कधी ऐकलंच नव्हतं! वहिनीचा चेहरा पांढराफटक पडला. तिने थोरलीला पुस्तकासकट हाताला धरून स्वयंपाकघरात नेलं. मीही मागोमाग गेले.

"तुला येत नाही का गं वाचता? मला का नाही सांगितलंस?"

"येतं मला." थोरली कुजबुजली. "गाढव धुक्यात हरवतं, आई. परत येतच नाही. मी छोटीला रोज सांगते, ते घरी आलं म्हणून. तिच्यासमोर कसं वाचू?"

मला माझीच लाज वाटली. वळून बघते तर तपासनीस बाई दारात उभ्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"इथेच वाच. हळू आवाजात," त्या म्हणाल्या आणि मला डोळ्यांनीच बाहेर पिटाळलं.

मी धाकटीला मांडीवर घेऊन बसले. आतून थोरलीचा बारीक आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. ओव्हनची घंटी वाजली, वाजतच राहिली. वहिनी जागची हलली नाही.

मग तिघी बाहेर आल्या. वहिनीचे डोळे लाल होते. बाईंनी उभ्याउभ्याच फॉर्मवर बरोबरची खूण केली, सही केली आणि पुस्तक पिशवीत खाली तळाशी सारलं.

धाकटी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"गाढव घरी आलं?"

थोरलीने बाईंकडे बघितलं.

"आलं की," बाई पेनाला टोपण लावत म्हणाल्या. "जरा उशीर झाला त्याला, पण आलं."