भाग दोन यांचं थेट प्रक्षेपण

गल्लीत त्यांना ‘भाग दोन’ म्हणत. पहिल्या कादंबरीच्या शेवटच्या पानावर त्यांनी ठळक अक्षरांत ‘भाग दोन लवकरच’ असं छापलं होतं. त्यानंतर न्हाव्यापासून औषधवाल्यापर्यंत जो भेटेल त्याला, ‘भाग दोनची वाट बघताय ना?’ असं विचारत सुटले होते. कुणी वाट बघत नव्हतं. तरी भाग दोन आला, त्याच्या मागून तीनही आला. नाव मात्र दोनवरच थांबलं.

नोकरी पाणीपुरवठा खात्यात, काम नळांच्या जाळ्याचे नकाशे काढायचं. ते त्यांनी पस्तीस वर्षं चोख केलं. तेवढ्यावर भागलं असतं. पण निवृत्तीनंतर अंगात लेखक संचारला. नदीकाठच्या एका घराण्याच्या तीन पिढ्या त्यांनी कागदावर उतरवल्या. तीन भागांत मिळून एकवीस माणसं मरतात आणि प्रत्येक जण मरताना पानंच्या पानं बोलतो. प्रकाशकांनी हस्तलिखित परत पाठवलं, तेव्हा हे स्वतःच प्रकाशक झाले. छापखान्यातून खोकी आली ती थेट मागच्या खोलीत गेली. लग्नाआधी ती मुलीची खोली होती.

बायकोला सगळे ‘बाई’ म्हणत, अगदी नवराही. तीस वर्षं त्यांनी शाळेत गणित शिकवलेलं. पहिला भाग त्यांनी चाळीस पानांपर्यंत वाचला आणि चष्मा काढून ठेवला.

“तुमचा नायक त्याच्या बापापेक्षा नऊच वर्षांनी लहान आहे,” त्या म्हणाल्या.

“साहित्यात गणित बघायचं नसतं, बाई.”

“बापाला तरी विचारायचं.”

त्यानंतर बाईंनी पुस्तक उघडलं नाही आणि कादंबरीकारांनी त्यांचं मत विचारलं नाही. मतं देणारे बाहेर होतेच. स्वतःच्या खर्चाने छापणाऱ्या सहा निवृत्त लेखकांचं त्यांचं टोळकं होतं. एकाचं पुस्तक निघालं की उरलेले पाच जण फोनवर त्याची स्तुती लिहीत. शब्द ठरलेले: ‘अप्रतिम’, ‘काळजाला भिडणारं’, ‘हातात घेतलं की खाली ठेववत नाही’. वाचायचं बंधन कुणावरच नव्हतं. अहो रूपं, अहो ध्वनी. उंटाला गाढव भेटलं होतं आणि दोघांचंही बरं चाललं होतं.

घरचा दिवसही या कारभाराभोवतीच फिरे. सकाळी नऊ ते अकरा लेखन, म्हणजे त्या वेळात मिक्सर लावायचा नाही. भाजी आणायला गेले की पिशवीत तळाशी दोन प्रती, त्यावर टोमॅटो. गॅस दुरुस्त करायला माणूस आला, तर त्याच्या हातात पुस्तक देऊन फोटो काढला आणि खाली लिहिलं, ‘सामान्य वाचकाचं प्रेम’. तो सामान्य वाचक जाताना पुस्तक ओट्यावरच विसरून गेला.

बाई हे सगळं झुरळाकडे बघावं तसं बघत. मारायचा कंटाळा, पण नजर हलवायचीही सोय नाही.

पण आता गोष्ट वेगळी होती. मुलीला सातवा महिना होता. आधी दोनदा तिला दवाखान्यातून रिकाम्या हाताने घरी यावं लागलं होतं. या खेपेला डॉक्टरीणबाईंनी सक्त विश्रांती सांगितली होती आणि सोमवारी ती आईकडे येणार होती. बाईंना महिनाभर धड झोप नव्हती. फोनची बेल वाजली की त्या दचकत, आणि वाजली नाही तर का वाजली नाही म्हणून फोन उचलून बघत.

“खोली रिकामी करा,” त्या पंधरा दिवस सांगत होत्या.

“रविवारचा कार्यक्रम होऊ दे. पुस्तकं खपली की खोली आपोआप रिकामी होईल.”

“आणि नाही खपली तर?”

“तुझं हे असंच. आधी नाट लाव.”

रविवारी वाचनालयाच्या सभागृहात कादंबरीकार स्वतःचं एक प्रकरण वाचणार होते आणि ते फोनवरून जगभर दिसणार होतं. त्यांचा फोन गेल्याच आठवड्यात बादलीत पडला होता, म्हणून त्यांनी बाईंचा मागितला.

“पोरीचा फोन आला तर?”

“उद्या तर येतेच आहे. तासाभरात काय बिघडतंय?”

बाईंनी फोन दिला. का दिला, हे त्यांना पुढे कितीतरी दिवस सांगता आलं नाही. अडतीस वर्षांची सवय, दुसरं काय. वस्तू मागितली की द्यायची आणि मग जळत बसायचं.

सभागृहात तीस खुर्च्या होत्या आणि नऊ माणसं. त्यांतले पाच टोळक्यातले, दोघे वर्तमानपत्र वाचायला आलेले, एक शिपाई आणि बाई. तिन्ही भाग एकावर एक रचून त्यांना रबराने फोन बांधला होता. वाचनात व्यत्यय नको म्हणून कादंबरीकारांनी येणारे फोन आधीच बंद करून ठेवले होते. ही अक्कल त्यांना कुणी शिकवली कोण जाणे. बिघाड करायची विद्या त्यांना उपजतच होती.

त्यांनी आजोबांच्या मृत्यूचं प्रकरण काढलं. आजोबा मरायला टेकले आणि बोलू लागले. शिपायाने जांभई दिली. पाचवं पान झालं तेव्हा फोनच्या पडद्यावर एकेक ओळ वर सरकू लागली. कादंबरीकारांच्या नाकावर जवळचा चष्मा होता, फोन चार हात लांब. ओळी येताहेत एवढंच त्यांना दिसलं.

“बघा,” ते सुखावून म्हणाले, “वाचकांच्या प्रतिक्रिया यायला लागल्या. धन्यवाद, मित्रहो, असंच प्रेम असू द्या.”

पाच जणांनी टाळ्या वाजवल्या. बाई तिसऱ्या रांगेत बसल्या होत्या. त्यांच्या डोक्यात सवयीने हिशेब झाला. स्तुती लिहिणारे पाचच, आणि पाचही इथे, टाळ्या वाजवत. मग तिकडून लिहितंय कोण?

त्या उठल्या आणि थेट टेबलापाशी गेल्या.

‘आई फोन उचल.’

‘बाबा आईला फोन द्या.’

‘रक्त जातंय. दवाखान्यात निघालोय.’

शेवटची ओळ जावयाची होती. ‘बाबा, कृपया वाचन थांबवा.’

बाईंनी फोन ओढला. रबर तुटलं, तिन्ही पिढ्या जमिनीवर सांडल्या.

“अगं, दोनच पानं राहिलीत,” कादंबरीकार म्हणाले.

“आजोबांना लवकर मारा आणि रस्त्यावर येऊन रिक्षा थांबवा. पोरीला रक्त जातंय.”

जगभर हे दिसलं. जग म्हणजे मुलगी आणि जावई.

रात्रभर बाई दवाखान्यातल्या बाकावर बसून होत्या. कादंबरीकारही होते, मांडीवर प्रतींची पिशवी धरून. मधेच एका परिचारिकेने पिशवी बाकाखाली ठेवायला सांगितली, तर त्यांचा हात आत जाऊ लागला. बाईंनी नुसतं बघितलं. हात बाहेर आला, रिकामा.

पहाटे रक्त थांबलं. बाळाचे ठोके नीट लागत होते. मुलीला भेटायला सोडलं तेव्हा तिने आईचा हात धरला आणि बापाकडे बघितलं.

“बाबा, तुमचं वाचन थांबेपर्यंत मी सगळं ऐकलं. आईचा फोनच लागेना. म्हटलं, चालू ठेवावं, तेवढाच आईपर्यंत रस्ता.”

कादंबरीकारांनी घसा खाकरला. बाईंना वाटलं, आता तरी माणूस माफी मागेल.

“कसं वाटलं?” त्यांनी विचारलं.

“आजोबा फार वेळ घेतात,” मुलगी म्हणाली.

पाचव्या दिवशी घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी बजावलं, बाळंतपणापर्यंत पडून राहायचं आणि पलंगाची पायांकडची बाजू वीतभर उंच ठेवायची. “पलंगाच्या त्या दोन्ही पायांखाली विटा ठेवा,” त्या म्हणाल्या.

बाईंनी घरी येऊन कुणाची परवानगी घेतली नाही. मागच्या खोलीतली खोकी त्यांनी ढकलत, ओढत बैठकीत आणली आणि लिहिण्याच्या टेबलाला चारी बाजूंनी लावली. मग विटा शोधत बसण्यापेक्षा त्यांनी एक खोकं फोडलं. जावयाने पलंग उचलून धरला. बाईंनी सगळ्यात वरची प्रत घेतली, मागचं पान चष्म्यातून वाचलं, ‘हातात घेतलं की खाली ठेववत नाही’, आणि ती खाली ठेवली. तिच्यावर दुसरी. तिच्यावर तिसरी.

कादंबरीकार दारात उभे होते. त्यांचा चेहरा पडला, ओठ हलले, पण बोलले ते भलतंच.

“डावीकडे पहिला भाग घेतलायस. तो पातळ आहे. पलंग कलेल.”

ते बाहेर गेले आणि कपाटाच्या ड्रॉवरमधून जुनी पाणसळ घेऊन आले, पातळी बघायची, आत बुडबुडा असलेली, नकाशांच्या दिवसांतली. गुडघे टेकून त्यांनी ती पायांकडच्या आडव्या दांड्यावर ठेवली. तिसऱ्या भागाची एक प्रत काढली, पहिल्याच्या दोन घातल्या, पुन्हा बघितलं. पाऊण तास लागला. इतकं मन लावून त्यांनी एकही प्रकरण लिहिलं नव्हतं. बुडबुडा मधोमध येऊन थांबला.

मुलगी सावकाश आडवी झाली. बाईंनी फोन तिच्या उशाशी ठेवला, चालू आहे ना ते दोनदा बघितलं.

“आता उठायचं नाही,” त्या मुलीला म्हणाल्या. मग नवऱ्याकडे वळल्या. ते अजून पलंगाशीच बसले होते, आणि उरलेली एक प्रत त्यांच्या हातात उघडी होती.

“आणि तुम्ही वाचायला सुरुवात करायची नाही.”