हवा भरायचा पंप आणि आमचे हे

पाण्यावर उभं राहून वल्हवायचा तो बोर्ड पहिल्यांदा घरी आला, तेव्हा तो बोर्ड नव्हताच. पाठीवरच्या पिशवीत गुंडाळलेलं जाड रबर होतं. मुलीने ते हॉलमध्ये उलगडलं तर सोफ्यापासून थेट स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत पसरलं. मी म्हटलं, "बाई गं, हे काय आणलंस? गादी की सतरंजी?"

"मम्मी, पॅडल बोर्ड आहे हा. हवा भरली की लाकडासारखा कडक होतो. ह्यावर उभं राहून तापीत फिरायचं."

तापीत म्हणे! आम्ही सुरतेत, डिंडोलीत राहणारी खान्देशी माणसं. तापीवर जायचो ते कानबाईच्या विसर्जनाला, आणि काठावरून हात जोडून माघारी यायचो. पाण्यात फिरायला जातात हे आम्हाला कुठून ठाऊक असणार? पण पोरगी हट्टाची. आठवडाभर कापड मार्केटात नोकरी करायची आणि रविवारी सकाळी कॉजवेच्या वरच्या अंगाला, जिथे पाणी संथ असतं, तिथे लोकांना बोर्डावर फिरवायचं, असं तिने सुरू केलं. लोक येऊही लागले, एकाचे चार बोर्ड झाले. सुरतच्या माणसाला रविवारी काहीतरी नवीन हवंच असतं, आणि ते झाल्यावर वर गरमागरम लोचोची प्लेट.

ह्या सगळ्यात आमचे हे कसे शिरले ते सांगते.

आमच्या ह्यांनी सगळी उमर उधन्याला कापड विणायच्या लूमवर काढली. मिसरूड फुटायच्या आत गावाहून आले आणि केस पांढरे होईपर्यंत त्या खडखडाटातच उभे राहिले. त्यामुळे आमच्या घरात कोणी हळू बोलत नाही. ह्यांनी "मीठ दे" म्हटलं तरी शेजारीण मिठाची वाटी घेऊन येते. आणि दुसरी गोष्ट म्हणजे ह्यांना शांतता सोसत नाही. लाइट गेली, पंखा थांबला, की झोपेतून ताडकन उठून बसतात आणि ओरडतात, "काय व्हयनं?" कारखान्यात आवाज थांबला म्हणजे काहीतरी बिघडलं, काम बंद पडलं, एवढंच त्यांना माहीत. ह्यांची मूळ बोली अहिराणी, त्यामुळे दचकणंही अहिराणीतच.

मग कारखाना सुटला आणि हे घरी बसले. बसले कसले, माझ्या डोक्यावर बसले! डाळीचे डबे मोठ्यापासून छोट्यापर्यंत लावून ठेवायचे, म्हणजे मला तूरडाळ सापडायची नाही. पंख्याखाली उभं राहून मान वर करायची आणि "हा आवाज करतोय" म्हणायचं. पंखा उघडून बसायचं. पंखा जोडला की मिक्सर. दुपारी मात्र खिडकीशी नुसते बसायचे, रस्त्याकडे बघत, आणि हाक मारली तरी ओ द्यायचे नाहीत. ते मला डब्यांपेक्षा जास्त लागायचं. भांडणारा नवरा परवडला, गप्प बसलेला नाही परवडत.

त्या बोर्डांनी ह्यांना तिथून उठवलं. बोर्डात हवा भरायला उंच हातपंप होता, सायकलच्या पंपाचा थोरला भाऊ म्हणा. दोन्ही पाय त्याच्या पट्टीवर ठेवून दोन्ही हातांनी दाबायचा. शेवटी शेवटी तो इतका जड होतो की मुलगी नि तिच्या मैत्रिणी त्यावर लोंबकळायच्या तरी खाली जायचा नाही. ह्यांनी एकदा बघितलं, शर्टाच्या बाह्या सारल्या आणि म्हणाले, "सरका." त्या दिवसापासून हवेचं खातं ह्यांचं. रविवारी माझ्या आधी उठायचे, स्वतः टी-शर्टला इस्त्री करायचे. नदीवर येणारी मंडळी ह्यांना 'हवावाले काका' म्हणायची. घरी आले की दमलेले असायचे, पण भरीत-भाकरी अशी जेवायचे की बघत राहावं. मी मनातल्या मनात त्या रबराला कितीदा नमस्कार केला असेल.

आणि नेमका ह्यांचा खांदा गेला. हात वर होईना. डॉक्टरांनी तपासून सरळ सांगितलं, हा पंप बंद. मुलगी म्हणाली, "काही नाही पप्पा, आपण विजेवरचा पंप घेऊ. छोटासा येतो, कुठेही नेता येतो. तुम्हाला कष्टच नकोत."

हे म्हणाले, "मग मनं काय काम तठे?" आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

माझं तिथलं काय काम! मुलीने ते ऐकलंच नाही, ती मोबाइलवर पंप बघण्यात गुंग. मी ऐकलं. पुन्हा ती खिडकी, पुन्हा ते डबे.

म्हणून अडाजणच्या दुकानात पंप बघायला ती निघाली तेव्हा मी म्हटलं, मी पण येते. तिला नवल वाटलं, कारण मला पंपातलं शष्प कळत नाही. ह्यांना म्हटलं, चला, तर म्हणाले, "तुम्ही जा."

दुकानदार मोठा बोलघेवडा. त्याने काळा, चकचकीत, डब्याएवढा पंप काउंटरवर ठेवला. बॅटरी आतच, वायर नको, गाडी नको. किती हवा भरायची तो आकडा आधी लावायचा, तेवढी भरली की स्वतःच थांबतो. आवाज तर जवळजवळ नाहीच. शेवटी छाती फुगवून म्हणाला, "बेन, बटन दबावो ने भूली जाओ!"

बटन दाबा आणि विसरून जा. अरे बाबा, विसरून जायचं असतं तर मी एवढ्या उन्हात आले असते का?

मी विचारलं, "ह्याच्यापेक्षा कमी हुशार नाही का?"

"म्हणजे?"

"म्हणजे ज्याच्याजवळ माणूस उभा राहायला लागतो असा. वायरवाला. जरा आवाज करणारा. मध्ये मध्ये बघावं लागतं असा."

तो माझ्याकडे बघतच राहिला. त्याच्या जन्मात असं गिऱ्हाईक आलं नसेल. मुलगी लाजून चूर झाली. मला हाताला धरून लाइफ जॅकेटांच्या मागे नेलं आणि कुजबुजली, "मम्मी, काय चाललंय तुझं? लोक कटकट कमी व्हावी म्हणून पंप घेतात!"

"लोकांच्या घरी तुझे पप्पा नाहीत," मी म्हटलं. "ही कटकट गेली तर ते रविवारी घरी बसतील. मग सोमवारी, मंगळवारीही बसतील. तू असतेस मार्केटात. ते खिडकीशी कसे बसतात ते तू बघितलं नाहीस, मी बघितलंय."

एका जॅकेटचा पट्टा उगाच लावत-काढत राहिली. मग काउंटरपाशी परत गेली आणि दुकानदाराला म्हणाली, "भाऊ, वायरवाला दाखवा."

तो वायरवाला मला बघताक्षणी पटला. गाडीतल्या लायटरच्या खाचेत त्याची पिन लावायची. तो चालू असेपर्यंत गाडीचं इंजिन चालू ठेवायचं. दोन बोर्ड भरले की तापतो, मग त्याला सावलीत थंड होऊ द्यायचं, हात लावून बघायचं. आवाज तर असा की दुकानातला पोपट गप्प झाला. मी म्हटलं, हाच. फक्त हवा भरली की स्वतःहून थांबणं त्याच्यातही होतं. ते मला नको होतं, पण मुलगी अडून बसली. "बोर्ड फुटला तर, मम्मी? कोणाला लागलं तर?" तिथे मी हरले आणि तोच बांधून घेतला.

रविवारी ह्यांना जवळजवळ ओढूनच नेलं. नव्या मशीनला हळदकुंकू लावून झालं, नारळ फोडून झाला. बोर्ड न्यायच्या व्हॅनचं इंजिन चालू केलं, पिन लावली, आणि पंप असा काही घरघरला की ह्यांच्या चेहऱ्यावर मी कितीतरी दिवसांनी रंग बघितला. कारखान्यात उभे राहायचे तसेच उभे राहिले, मान किंचित तिरकी करून. मी निर्धास्त झाले आणि काठावर नाश्त्याचे डबे उघडून बसले.

मुलगी लोकांना पाण्याशी नेऊन शिकवत होती. इकडे ह्यांनी चारही बोर्ड भरून रांगेत मांडले, मध्ये पंपाला सावलीत विसावाही दिला. दिसायला सगळे फुगलेले, छान. पहिल्यांदा एक नवरा-बायको निघाले, दोघांचे कपडे सारख्या रंगाचे, दोघंही चांगल्या खात्यापित्या घरची. अजून गुडघाभर पाण्यातच होते, फोटोसाठी हसत होते, आणि त्यांचा बोर्ड मधोमध पापडासारखा दुमडला! दोन्ही टोकं वर आणि ती दोघं मधल्या खळग्यात पाण्यात बसलेली. काठावर जो हशा उठला! त्यांना लागलं नाही काही, तीही हसली. पण मुलीने बाकीचे बोर्ड दाबून बघितले तर सगळे मऊ.

"पप्पा, हवा अर्धीच आहे! पंप आपोआप थांबतो ना? तुम्ही हात का लावला?"

"आवाज बदलला," हे म्हणाले.

तेव्हा उलगडा झाला. हा पंप दोन टप्प्यांत हवा भरतो. आधी घरघर करत भराभर फुगवतो, आणि मग आवाज बदलून टकटक टकटक करत हवा आत ठासतो. कडकपणा सगळा त्या दुसऱ्या टप्प्यात येतो. आणि आमच्या ह्यांनी, घरघरची टकटक झाली रे झाली की, बटन बंद केलं होतं. चारही वेळा! लूमचा आवाज बदलला म्हणजे धागा तुटला. पुढे विणलं जाईल ते सगळं वाया. तिथे डोक्याने विचार करायच्या आत हात पोचावा लागतो, आणि ह्यांचा हात उमरभर तसाच पोचला होता. तो आता कसा थांबणार?

मुलीने समजावलं, रागावून नाही, पण सगळ्यांसमोर. ह्यांनी मान हलवली आणि व्हॅनमध्ये जाऊन बसले. पुढचा आठवडा घरात डबे हलले नाहीत, पंखा उघडला गेला नाही. खिडकी मात्र होती. शनिवारी संध्याकाळी म्हणाले, "मी उद्या येत नाही. बटन काय, कोणीही दाबेल."

माझं डोकंच फिरलं. मी पोळी तव्यावर तशीच सोडून बाहेर आले. "नका येऊ. मी जाते. मी बोर्डावर बसणार आहे उद्या."

"तू?" हे एवढ्या मोठ्याने हसले की शेजारीण डोकावली. मला पोहता येत नाही, पाण्याची भीती, आणि देहाचं म्हणाल तर बोर्डाने भ्यावं.

"हो, मी. पण हवा तुम्ही भरायची. परक्याच्या हवेवर मी जीव टाकणार नाही."

"मी भरलेली अर्धीच असते."

"असू दे. बुडवायचं तर नवऱ्याने बुडवावं, बाहेरच्याला कशाला त्रास?"

पोळी करपली. ती ह्यांनीच खाल्ली.

सकाळी मी मुलीची ट्रॅक पँट आणि कुडता घातला. आरशात बघितलं नाही. नदीवर गेल्यावर हे पंपाजवळ उभे राहिले आणि मी त्यांच्यासमोर, जॅकेट घालून, मनात कानबाईला हाका मारत. घरघर सुरू झाली, बोर्ड फुगत गेला. मग आवाज बदलला. ह्यांचा उजवा हात सुटलाच. पण डाव्याने त्याचं मनगट धरलं. घट्ट धरून ठेवलं. पंप टकटक करत राहिला आणि ह्यांच्या कपाळावर घाम आला, जो हातपंप मारताना आला नव्हता. मला वाटलं जाऊन तो हात आपणच धरावा, पण लोक होते.

पंप आपोआप थांबला. ह्यांनी मनगट सोडलं, वाकून बोर्डावर बोटाने टकटक केलं. दार वाजवल्यासारखं वाजलं.

"बस वं," म्हणाले.

"एकटी? तुम्हीही या. पंप तापलाय, त्याला विसावा लागतो ना? मग तुम्ही रिकामेच."

तेव्हा माझ्या ध्यानात आलं, ह्या माणसाने इतके बोर्ड भरले आणि एकावरही कधी बसला नाही. ह्यांनाही ते जाणवलं असावं, कारण चपला काढताना लाजले. मी पुढे बसले, हे मागे. मुलीने आमच्या बोर्डाला दोरी बांधली आणि आपल्या बोर्डावर उभी राहून, म्हशी पाण्यावर न्याव्यात तशी, आम्हाला ओढत निघाली. मी डोळे मिटून दोन्ही कडा धरल्या होत्या. बोर्ड वाकला नाही. जरासुद्धा नाही.

मध्यावर मुलगी थांबली. काठावरचे आवाज मागे राहिले होते. पाणीही वाजत नव्हतं. एवढी शांतता आमच्या दोघांच्या वाट्याला कधी आलीच नव्हती. आता हे दचकतील, बोर्ड हलेल, "काय व्हयनं?" म्हणून ओरडतील. मी वाट बघत बसले. मागून काहीच येईना. मग माझ्या कानाशी हे बोलले, "आवाज नई, पण काही बंद पडनं नई."

मी मागे वळले नाही, वळता येत नव्हतं, आणि डोळ्यांत पाणी आलेलं ह्यांना दाखवायचंही नव्हतं. हा माणूस इतक्या हळू बोलू शकतो हे लग्न झाल्यापासून मला पहिल्यांदा कळत होतं.