पडद्यामागचा कोतवाल

उखर्डू आबांनी धुळ्याच्या पूरनियंत्रण कक्षात बावीस वर्षं वायरलेसच्या माईकशी संसार केला. घरच्या संसारात ते दिवसाला जेमतेम दहा शब्द बोलत, कारण उरलेले ऑफिसात खर्च होत. नदीकाठी पाच ठाणी होती. आबा दर तासाला एकेकाला हाक मारत, तिकडचा चौकीदार पाण्याची उंची सांगे. तिसऱ्या ठाण्याचा लोटन उंचीसोबत शेळी व्याल्याचंही सांगे.

सत्याण्णव साली कॉम्प्युटर आला. माईक कपाटात गेला, कपाटाची किल्ली साहेबांच्या खिशात गेली आणि आबा खुर्चीवरून स्टुलावर आले. आता ठाण्यावरचं यंत्रच पाणी मोजणार आणि आकडा हवेतून कॉम्प्युटरला कळवणार. मध्ये माणूस बोलला तर आकडे बिघडतात, म्हणून चौकीदारांनी नुसती यंत्राची राखण करायची आणि बोलायची सगळ्यांनाच बंदी.

मशीन बसवायला पुण्याहून तंत्रज्ञ आला होता. आबांनी त्याला पहिल्याच दिवशी गाठलं. "पडद्यावर नुसते आकडे दिसतात. मग ठाण्यांना हाक कोण मारतो?"

"एक प्रोग्राम मागे गुपचूप चालू असतो, काका. तो दिसत नाही. दर दहा मिनिटांनी एकेका सेटशी जोडणी करतो, आकडा घेतो, सोडतो, पुढच्याकडे जातो."

"म्हणजे कोतवाल. आणि एखाद्या घरातून कोणी ओ दिली नाही तर?"

"तीन फेऱ्या बघतो. मग त्याचं नाव यादीतून काढतो. नाहीतर एकापायी सगळे खोळंबतात."

"परत कधी घेतो?"

"मशीन नव्याने चालू झालं की. तेव्हा यादी पहिल्यापासून वाचतो."

तंत्रज्ञ चहा पिऊन गेला. आबा त्यावर महिनाभर विचार करत बसले. दुसरं काम तरी काय उरलं होतं? जुन्या वायरलेस सेटचा स्पीकर त्यांनी चालूच ठेवला होता. दर दहा मिनिटांनी त्यातून रातकिड्यासारखी चिरचिर येई: एक चिर्र हाकेची, एक उत्तराची. अशा पाच जोड्या. साहेब म्हणत, "आबा, यावर एखादं भजन बसवा."

पोळ्याच्या दिवशी सकाळी नऊपासून आबांना चारच जोड्या ऐकू येऊ लागल्या.

पडद्यावर मात्र पाचही ठाणी गुण्यागोविंदाने नांदत होती. तिसऱ्यापुढे नऊला १.४२ मीटर होतं, दहालाही १.४२, अकरालाही १.४२. बाकीचे आकडे सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर तरी हलत होते. तिसरं ठाणं डोंगरातून येणाऱ्या उपनदीवर होतं, आणि खिडकीतून त्या बाजूचं आभाळ तव्याच्या बुडासारखं दिसत होतं.

साहेब जळगावजवळच्या पिंप्राळ्याच्या घरी पुरणपोळीला निघाले होते. बॅग खांद्याला लागली होती.

"साहेब, तिसरं ठाणं तुटलंय. कोतवालाने नाव काढलं, आणि पडदा जुनाच आकडा दाखवतोय."

"आकडा दिसतोय ना, आबा?"

"फोटोतही माणूस दिसतो, साहेब. म्हणून काय तो जिवंत असतो?"

साहेबांनी घड्याळात पाहिलं. मग त्यांना जळगावची गाडी आठवली. "मशीन तुमच्या लोटनसारखं शेळ्यांमागे जात नाही. आणि त्याला हात लावायचा नाही. ऐन पावसाळ्यात बंद पडलं तर दोघांच्या नोकऱ्या जातील. तुमची निदान जुनी तरी झालीय."

साहेब गेले. आबांनी भिंतीवरचा नकाशा पाहिला, तो पाठ होता तरी. तिसऱ्या ठाण्याचं पाणी नरडाण्याच्या अलीकडे त्यांच्या गावाला साडेतीन तासांत पोचतं. आज तिथल्या पात्रात गावचे दीडशे बैल, त्यांना घासणारी माणसं, शेपट्या धरून डुंबणारी पोरं. त्यांत आबांचा थोरला भाऊ झुलाल, आपल्या जोडीसकट.

आबांनी ग्रामपंचायतीला फोन लावला. सरपंच छगन भाऊंनीच उचलला.

"छगन भाऊ, माणसं, बैल, बठ्ठास्ले नदीमाईन बाहेर काढ. वरतून पाणी ई राहिनं व्हई."

"कितलं?"

"आकडा नही मनाकडे."

"मांगला सालले बी तू असंच सांगं. बैल घर आणात, आन चिमणी बुडी इतलं बी पाणी उनं नही. आज पोया शे, आबा. आकडा सांग, मंग दवंडी देसू."

आकडा लोटनच्या ठाण्यावर होता. तिथलं यंत्रच बिघडलं असेल तर इलाज नव्हता. पण आबांना लोटन माहीत होता. मागच्या पोळ्याला त्याने सेटची बॅटरी काढून टेपला जोडली होती, बैलांपुढे गाणी वाजवली होती आणि दोन तासांनी मुकाट परत लावली होती. यंदाही तेच केलं असेल, तर सेट आता जिवंत होता. घरमालक परत आला होता. कोतवालच त्या गल्लीत फिरकत नव्हता.

मशीन बंद करून चालू केलं की नवा कोतवाल, नवी यादी. पण परत चालूच झालं नाही, तर पाचही ठाणी आंधळी.

आबांनी बटण दाबलं. दहापर्यंत मोजलं. पुन्हा दाबलं.

इंग्रजी ओळी धावल्या, एका ओळीवर अडल्या, आणि मशीन आतल्या आत दाढा चावत बसलं. नीट बंद न केल्यामुळे ते स्वतःला तपासत होतं, हे आबांना पुढे कळलं. तेव्हा एवढंच दिसत होतं, की आपण सरकारचं मशीन मारलं. बारा दहा. बारा वीस. आबांनी रुमाल काढून मशीनच पुसलं, जणू त्यालाच घाम फुटला होता.

बारा बत्तीसला पाच नावं उमटली. पुढच्या जागा रिकाम्या. स्पीकर चिरचिरला. पहिलं आलं, दुसरं आलं. तिसऱ्याला हाक गेली. उत्तर नाही. चौथं आलं, पाचवं आलं.

पुढच्या फेरीला दहा मिनिटं. आबा ती उभ्यानेच थांबले.

बारा बेचाळीसला तिसऱ्याची हाक गेली, खरखर झाली आणि त्या खरखरीतून एक बारीक चिर्र आली. पडद्यावर उमटलं: ५.८७. एवढं चढलं, म्हणजे पाणी तासा-दोन तासांपूर्वीच गावाकडे निघालं असणार.

"छगन भाऊ, आकडा ले. पाच मीटर सत्त्याऐंशी."

पलीकडून रिसीव्हर आपटल्याचा आवाज तेवढा आला. आबांनी मग पोलिसांना कळवलं, साहेबांच्या घरी निरोप ठेवला आणि फोनसमोर बसले.

दोन वाजून दहा मिनिटांनी तो वाजला. झुलाल होता, दम लागलेला.

"पाणी उनं. शाळानी पायरीलोंग उनं. बैल बठ्ठा वर शेतस. पन मना बैलनी एकच बाजू धुवाई गई, दुसरी तशीच ऱ्हायनी. तुना आकडा अर्धा घंटा उशिरा उता तर काय व्हतं?"

"माणसं मोजी का?"

"मोजी. बठ्ठा शेतस."

"कधी मोजी?"

"मघाशीच."

"मघाशीचं ऱ्हाऊ दे. आते मोज. नाव घी घी मोज."

झुलालने एक शिवी दिली आणि मग पारावर जमलेल्यांची नावं मोठ्याने घ्यायला लागला. आबांनी रिसीव्हर कानाशी घट्ट धरला. प्रत्येक नावानंतर तिकडून कोणीतरी ओ देई, आणि ती स्वतःच्या कानांनी ऐकल्याशिवाय आबा भावाला पुढचं नाव घेऊ देत नव्हते.