पाण्याच्या तक्त्यातला शेवटचा रकाना

फ्लेरिदा सेदेन्यो अकरा वर्षं माझ्या शेजारच्या टेबलावर बसली. मानाबी प्रांताच्या किनाऱ्यावरच्या आमच्या नगरपालिकेची वेबसाइट ती एकटीच सांभाळायची. त्यावर पाण्याचा तक्ता असे. कुठल्या वस्तीत टँकर कोणत्या वारी येणार ते त्यात दिसे, आणि शेवटच्या रकान्यात, तिथे किती दिवस पाणी आलेलं नाही.

हा रकाना तिनेच घातला होता. त्याच्या मथळ्यावर बोट टेकवलं की सर्वांत तहानलेली वस्ती वर यायची. मग बायका मोबाइल घेऊन थेट नगराध्यक्षांच्या दारात जाऊ लागल्या.

एके सकाळी आमचे सचिव डॉन एवारिस्तो तिच्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले.

"शेवटचा रकाना काढ. मोबाइलवर तक्ता मावत नाही."

"मावतो, साहेब. मी बसवलाय."

"फार हुशार आहेस. काढ."

घरी आई अंथरुणाला खिळलेली. तिचे औषधोपचार फ्लेरिदाच्या नोकरीवर चालायचे. तिने रकाना काढला.

रविवारी फ्लेरिदाच्या शेजारच्या पेतिताबाई तिच्या दारात आल्या. "आमचे एकोणीस दिवस कुठं गेले गं? तुझ्या फडताळात ठेवलेस का?"

सोमवारी फ्लेरिदाने राजीनामा दिला. सचिवांनी तो न वाचताच खणात टाकला.

"तू गेलीस तर हे चालवणार कोण? आणि आईचं काय करशील?"

त्या आठवड्यात तिने पुठ्ठ्यावर सगळा तक्ता हाताने लिहिला, शेवटच्या रकान्यासकट, आणि आपल्या खिडकीला टांगला. लोक वाचायला थांबू लागले. सचिवांना कळलं, पण तिला काढणं त्यांनाही परवडणारं नव्हतं. त्यांनी तिचं टेबल मागच्या बिनखिडकीच्या खोलीत हलवलं. पुढं टँकर तिच्या गल्लीत थांबेनासा झाला.

तिने पुठ्ठ्यावर आपली गल्लीही लिहिली: सहा दिवस.

पेतिताबाई तेव्हापासून रोज पलीकडच्या गल्लीतून भरून आणलेली एक बादली तिच्या दाराशी ठेवून जातात. बोलत मात्र नाहीत.

"क्विटोला बहिणीकडे जा की," मी एकदा म्हटलं.

"आईला दहा तास बसमध्ये कशी बसवू?" ती म्हणाली, आणि पुठ्ठ्यावर पुढच्या आठवड्याचे वार भरायला लागली.