अर्ध्या पानाचा खुलासा

तुमच्या ऑफिसात कधी ऑडिट आलंय का? आलं असेल तर तुम्हाला ठाऊक असेल, त्या दिवसांत कुणी कुणाकडे सरळ बघत नाही. आणि किस्से तर इतके साठतात, की ठेवायला वेगळं कपाट लागावं.

मी मावळातल्या एका नगरपरिषदेत रेकॉर्ड रूम सांभाळते. मिस्टर गेल्यावर अनुकंपेवर लागले, शिक्षण बारावी. खोलीतला एक कागद जरी गेला तरी जबाबदार मी. त्यामुळे वर्षाचा हिशेब तपासायला माणसं आली, की बाकीच्यांना घाम फुटतो आणि मला जेवण जात नाही.

*

यंदाचे ऑडिटर साहेब आमचा चहा घेत नसत. घरून थर्मास आणायचे. आमचे शिपाई रज्जाकभाई तळेगावहून येतात, त्यांनी अशी कितीतरी ऑडिटं पाहिलीत. पहिल्याच दुपारी ते म्हणाले, "ताई, जेवणारा ऑडिटर परवडला. हा थर्मासवाला कुणाला सोडायचा नाही."

त्या दिवसापासून लेखापाल शेळके साहेब बाथरूमला जाताना पण ड्रॉवरला कुलूप लावायला लागले.

*

दुसऱ्या दिवशी ऑडिटर साहेबांच्या टेबलावर चिक्कीचा खोका दिसला. कुणी ठेवला, देव जाणे. साहेबांनी तो उघडलाच नाही. कागद घेतला.

ऑडिटचा प्रश्न असा येतो: अर्ध्या पानावर त्यांचा सवाल, उरलेलं अर्धं पान आपल्या खुलाशासाठी कोरं. सवाल होता, "टेबलावरील खोका कोणाच्या आदेशाने व कोणत्या खर्चातून आला, याचा खुलासा करावा."

कागद सगळ्या टेबलांवरून फिरला. प्रत्येकाने लिहिलं, "या विभागाशी संबंधित नाही." शेवटी खोक्याचा निकाल मुंग्यांनी लावला.

*

मग साहेब बागेतली बाकडी मोजायला निघाले. यादी धरायला मी. यादीत बारा, बागेत अकरा. बारावं समोरच्या गल्लीत सापडलं, एका अंगणात, तुळशीशेजारी. त्यावर कुरवंड्याहून लेकीकडे आलेले एक आबा बसलेले. बाकडं कुणाचं, असं साहेबांनी विचारलं, तर आबांनी सरकून जागा केली.

"पालिकेचं हाय. बसा की. आमी कुटं न्हाई म्हनतो?"

साहेब बसले नाहीत. परत येताना त्यांनी मला विचारलं, "ताई, तुमच्या घरी बाकडं आहे का?"

मी म्हटलं, "नाही हो, खुर्च्या आहेत."

"पावती?"

खरं सांगते, घरी जाऊन मी ती पावती शोधली.

*

नालेसफाईची मोजमापं लिहितात त्या वहीत तीन महिने एकच लांबी, एकच रुंदी निघाली. साहेबांनी इंजिनिअरला बोलावलं. तो अगदी शांतपणे म्हणाला, "साहेब, नाला तोच आहे. लांबी कशी बदलेल?"

साहेबांनी पान उलटलं. "आणि गाळ? तोही सेंटिमीटरला सेंटिमीटर तोच?"

इंजिनिअरला फोन आला म्हणून तो बाहेर गेला. फोन वाजलेला आम्ही कुणी ऐकला नाही.

*

मग साहेबांनी त्याच नाल्याच्या बिलांची फाईल मागितली. ती माझ्या खोलीत नव्हती.

आमच्याकडे फाईल नेताना रजिस्टरवर सही करायची असते. पण सगळे म्हणतात, "ताई, पाच मिनिटांत आणून देतो," आणि मी भिडेपोटी देते. ही फाईल अशीच शेळके साहेबांनी नेली होती. मी आठवण करून दिली, तर म्हणाले, "मी? कधी? सही दाखवा."

दुपारी अर्ध्या पानाचा कागद आला, माझ्या नावाने. संध्याकाळपर्यंत खुलासा द्या, नाहीतर चौकशी लावू. माझी लेक नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. पगार थांबला तर तिची फी कुठून भरणार होते मी?

शेळके साहेब स्वतः येऊन मायेने म्हणाले, "ताई, लिहा वाळवी लागली. विषय संपला."

मी म्हटलं, "साहेब, शेजारच्या फाईली सोडून वाळवीनं नेमकी हीच कशी निवडली?"

ते ड्रॉवरचं कुलूप बघायला गेले. मी पेन उचललं. कुणाचं वाईट व्हावं असं मला वाटत नव्हतं. मग लिहिलं, "फाईल सही न करता तोंडी मागून नेली आहे. रजिस्टर न पाळण्याची चूक माझी. नेणाऱ्याचं नाव मला माहीत आहे. उद्या अकरा वाजता समोर विचारल्यास सांगेन."

कागद रज्जाकभाईंच्या हाती दिला. ऑडिटर साहेबांच्या टेबलापर्यंत पोचेतो वाटेत सगळ्या विभागांनी तो वाचला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आले, तर रेकॉर्ड रूमच्या दाराशी सात फाईली ठेवलेल्या होत्या, नाल्याची सगळ्यात वर.